सावद्याचा गंधार

बेस वाजवणारा सुरतेला गेला, साड्यांच्या गोदामावर.
ड्रमवाला पुण्यात, त्याला आता रविवारीही सुट्टी नसते.
राहिलो मी, गिटार,
आणि विटेएवढी ही लोखंडी पेटी,
यावलच्या मुबारक तडवीने दोनदा डाख मारून जिवंत केलेली.
पायाने दाबली की ऐकते,
पुन्हा दाबली की ऐकलेलं बोलत सुटते
न थकता, न चहा मागता.

सावद्याला आइस्क्रीमच्या दुकानाचं उद्घाटन.
एप्रिल. रात्री आठलाही चपलेतून डांबर लागतं.
पुढे लाल खुर्च्यांवर पोरं,
मागे केळी भरून आलेले हमाल, सदऱ्यांवर चिकाचे काळे डाग,
आणि वजनकाट्यावरचे गोकुळ फिरके, हात मागे बांधून:
"एकटाच आला का भो? बाकीचे कुठी आहे?"
येतील, म्हटलं. एकेक करून.

पहिल्या फेऱ्यात फक्त जाड तार.
ए. डी. ई. पुन्हा डी.
चार चार मात्रा, सोळा झाल्या की सम.
प्लॉटवर चुन्याने पाया आखतात, तेवढंच.
भिंत नाही, दार नाही,
पण आखताना पाय समेवरच पडायला हवा.
इथे चुकलं तर ती चूक
रात्रभर घरात नांदते.

पाय पडला समेवर. बरोब्बर.
पण त्याआधी, ए चालू असताना,
रावेरकडून आलेला ट्रक वळणावर ओरडला होता
आणि गाण्यासाठी माईक उघडा होता.

पेटीने तो ठेवून घेतला.
सोळा मात्रांनी परत आला: पोंऽऽऽ
ट्रक तोवर फैजपूरच्या रस्त्याला लागलेला.

वरचा थर काढता येतो.
पाया काढला तर सगळंच जातं,
आणि नारखेडेशेठ कात्री घेऊन फितीपाशी उभे.
मी पुढे गेलो.

दुसऱ्या फेऱ्यात पंचम.
पंचमाचं काय, सज्जन माणूस,
कुणाच्याही पंगतीत बसतो.
तिसरा फेरा गंधाराचा,
आणि घरात लग्न आहे की सुतक
हे गंधार ठरवतो.

घरून शुद्ध ठरवून आलो होतो. उद्घाटन आहे,
शेठच्या पोरीने केसात गजरा माळलाय,
ए मेजर, सरळ, उजळ, पैसे वसूल.
बोट तारेवर ठेवलं, आणि हॉर्न आला.
कान लावला.
सी. जरासा उतरलेला, दमलेला, पण सीच.
म्हणजे कोमल.

एक फेरा काहीच वाजवलं नाही.
फिरके म्हणाले, "अटकलं वाटते."
खुर्चीतली पोरं मात्र मोजत होती,
ए आला की तोंडाचा चंबू करून, एकसुरात: पोंऽऽऽ

मग मी त्याच्या बाजूने गेलो.
ए ला कोमल गंधार दिला, हॉर्नच्या शेजारी, खांद्याला खांदा.
डी शुद्ध ठेवला. ई शुद्ध. परतीचा डीही.
एकच खोली अंधारी, बाकी घरात दिवे.
असं काही मी ठरवून कधीच केलं नसतं.
बेसवाला असता तर म्हणाला असता, काय हे,
आणि दुसऱ्या फेऱ्याला मान हलवली असती.

गायलो त्यावर. काय गायलो आठवत नाही.
फीत कापली गेली. हमालांनी कुल्फी मागितली, मिळाली.
फिरके शेवटपर्यंत स्पीकरच्या मागे जाऊन जाऊन पाहत होते.

दोनदा टाप दिली, थांबलं.
दोन सेकंद दाबून धरलं, पुसलं.
हिरवा दिवा विझला.

मिळाले दोन हजार आणि बटरस्कॉचचा फॅमिली पॅक.
तो टाकीवर ठेवून भुसावळकडे निघालो,
आमोद्यापर्यंतच खोका मऊ पडला.
तापीच्या पुलावर समोरून ट्रक आला,
लांब हॉर्न दिला, गेला.
गाडी कठड्याला लावली.
बोटांवर सोळा मात्रा मोजल्या,
मग अजून सोळा.
आइस्क्रीम पँटीवर गळत होतं.